पहिली बंदूक उशिरा घ्या, छर्रे मोजून वापरा: कमी पैशात नेमबाजी कशी सुरू करायची

नागपूरहून पुन्हा एकदा तुमच्या कानात. ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा ज्यांचा डेटा संपला, त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलताना झालेलं थोडं पाल्हाळ काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका मेसेजमुळे सुचला. बारावीतल्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, मला शूटिंग शिकायचंय. घरची परिस्थिती साधी आहे. यूट्यूबवर अमेरिकेतले लोक रिकामी काडतुसं घरीच भरतात आणि अर्ध्या पैशात काम भागवतात. आपण इथे तसं करू शकतो का? आणि पहिली बंदूक कोणती घेऊ?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्यामागची काळजीही खरी आहे, कारण या खेळात बंदूक एकदाच घ्यावी लागते, पण गोळ्या रोज लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवा. 1 ऑगस्ट 2024 ला त्याने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. वडील शिक्षक, आणि पोराच्या सरावाच्या गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढलं होतं, हे आपण सगळ्यांनी तेव्हा बातम्यांमध्ये वाचलं. म्हणजे "गोळी परवडत नाही" हे रडगाणं नाही. आपल्याकडच्या बहुतेक नेमबाजांच्या घरातला तो हिशेब आहे.

तर एकेक करून बघू.

आधी काडतुसं भरण्याचं बोलून टाकू

उत्तर: नाही. आणि हे "नाही" अर्धवट नाही, पूर्ण आहे.

पहिलं कारण कायद्याचं. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा तयार करता येत नाही. रिकाम्या काडतुसात दारू भरून नवी गोळी बनवणं म्हणजे दारूगोळा तयार करणंच झालं. 2019 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि कलम 5 मोडून असं काही बनवल्यास कलम 25 खाली किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप, अशी शिक्षा आली. चारदोन हजार वाचवायला गेलेल्या पोराचं करिअर, सरकारी नोकरी, पासपोर्ट, सगळं एका फटक्यात जाऊ शकतं. व्हिडिओतला माणूस ज्या देशात बसलाय तिथला कायदा वेगळा आहे. तो व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर दिसतो, पण पोलीस स्टेशन तुमच्या वॉर्डातलंच असतं.

दुसरं कारण सुरक्षेचं. काडतुसात दाब किती तयार होणार, हे दारूच्या अगदी छोट्या फरकावर ठरतं. चूक झाली तर नळी फुटते, आणि ती फुटते तेव्हा तुमचा गाल तिच्या शेजारी असतो.

तिसरं कारण बहुतेकांना माहीतच नसतं. ज्या खेळासाठी तुम्ही हे विचारताय, त्यात भरण्यासारखं काही नसतंच! 10 मीटरच्या स्पर्धेत काडतूस नसतं, शिशाचा छर्रा असतो आणि तो हवेच्या दाबाने सुटतो. 25 आणि 50 मीटरला पॉइंट टू-टू वापरतात. ते रिमफायर काडतूस आहे, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या तळाच्या कडेत आत भरलेला असतो. घोडा पडला की ती कड चेपते आणि ते काडतूस कायमचं निकामी होतं. व्हिडिओत जी काडतुसं भरताना दिसतात ती वेगळ्या प्रकारची असतात, तळाच्या मध्यभागी बदलता येणारी टोपी असलेली. म्हणजे स्वप्नीलच्या घरच्यांसमोरही हा पर्याय नव्हता. गोळ्या विकतच घ्याव्या लागत होत्या.

मग बचत करायची कुठे? बचत आहे, आणि चांगली आहे. फक्त ती दुसऱ्या ठिकाणी आहे.

सुरुवात 10 मीटरनेच का?

कारण ते स्वस्त आहे आणि त्यात कागदपत्रांची कटकट कमी आहे. 4.5 मिलिमीटरच्या, म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलची ताकद साधारण साडेसात ज्यूल असते, त्यामुळे ती आरामात या मर्यादेत बसते. मात्र खरेदी नोंद असलेल्या विक्रेत्याकडूनच, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन, पक्कं बिल घेऊन करा. वय 18 पूर्ण नसेल तर हा व्यवहार आईवडिलांनीच करायचा. पॉइंट टू-टूला मात्र परवाना लागतो, आणि परवान्यासाठी साधारणपणे वयाची 21 वर्षं पूर्ण लागतात. उदयोन्मुख खेळाडूंसाठी संघटनेमार्फत वेगळे नियम आहेत, पण ती पुढची पायरी.

आणि 10 मीटर म्हणजे पोरांचा खेळ असं समजू नका. 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं ते याच अंतरावर. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये कैरोत जागतिक विजेता झाला, तोही 10 मीटर एअर रायफलमध्येच. एअर रायफलच्या कागदावर दहाचं वर्तुळ किती मोठं असतं माहितीये? फक्त अर्धा मिलिमीटर. छर्रा त्याच्या नऊपट रुंद! पेनाने टेकवलेला ठिपका समजा, आणि तो तुमच्यापासून दहा मीटर लांब.

पहिले तीन महिने बंदूक घेऊच नका

हा आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे, आणि तो माझ्या चुकीतून आलाय.

मी दहावीनंतर आईच्या भिशीचे पैसे घेतले, एका दुकानात गेलो आणि दिसायला एकदम भारी अशी, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअरगन घेऊन आलो. काळी, वजनदार, वर दुर्बीण. क्लबमध्ये नेली तर सरांनी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "बाळा, चांगली आहे, पण इथल्या स्पर्धेत ही चालणार नाही." 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही, पीप साइट लागते. स्प्रिंगच्या बंदुकीला झटका असतो, आणि नवशिक्याचा नेम त्या झटक्यातच हलतो. त्या भिशीच्या पैशांत मी वर्षभर क्लबची फी भरू शकलो असतो.

म्हणून आधी क्लब शोधा. जवळपास सगळ्या क्लबमध्ये नवीन मुलांसाठी रायफल आणि पिस्तूल असतात. जिल्हा रायफल संघटना, विभागीय क्रीडा संकुल आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, या तीन ठिकाणी चौकशी करा. शाळेत असाल तर शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये नेमबाजी आहे, क्रीडाशिक्षकांना विचारा. कॉलेजात असाल तर एनसीसी विसरू नका. नागपुरात एनसीसीचं ग्रुप मुख्यालय आहे, आणि कॅडेटला पॉइंट टू-टू रायफलने फायरिंग शिकवलं जातं. तिथे गोळीचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत. यापेक्षा स्वस्त सुरुवात कोणती, भाऊ?

तीन महिने क्लबच्या बंदुकीवर काढले की दोन गोष्टी कळतात. हा खेळ आपल्याला खरंच आवडतो का, आणि आपला हात रायफलचा आहे की पिस्तुलाचा.

रायफल की पिस्तूल?

लोक फक्त बंदुकीची किंमत विचारतात. खरा फरक तिच्याबरोबर लागणाऱ्या सामानात आहे.

रायफलला जाड कॅनव्हासचं किंवा चामड्याचं जॅकेट, पँट, खास बूट आणि हातमोजा लागतो. याशिवाय उभ्याने तासभर शरीर स्थिर ठेवणं फार कठीण जातं. रायफलचं वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकतं, आणि पात्रता फेरीत 60 शॉट, 75 मिनिटं. हे सामान अंगाच्या मापाचं लागतं. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा वर्षभरात चार बोटं वाढला की जॅकेट आखूड! त्यामुळे वाढत्या वयात नवीन जॅकेट शिवू नका. क्लबमधल्या सीनियरचं जुनं घ्या, वापरा, पुढे कुणाला तरी द्या.

पिस्तुलाला यातलं काहीच लागत नाही. सपाट तळाचे बूट पुरतात. एका हाताने धरायचं, वजन दीड किलोच्या आत, दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर. म्हणजे एकूण खर्चाच्या हिशेबात पिस्तूल हलकं पडतं. पण पिस्तूल सोपं आहे असं नाही. आधार कमी, म्हणून हात जास्त हलतो. पैसे वाचतात म्हणून पिस्तूल निवडू नका. दोन्ही हाताळून बघा आणि दोन्ही बरे वाटले तरच खर्चाचा विचार करून ठरवा.

घ्यायचीच झाली तर काय बघायचं?

स्पर्धेची एअर रायफल किंवा पिस्तूल आज बहुतेक पीसीपी प्रकारची असते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये आधीच दाबलेली हवा भरलेली असते, साधारण 200 बारपर्यंत. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, अनशुट्झ, श्टायर, मोरिनी, पार्दिनी ही बाहेरची नावं. ती नवीन घ्यायची तर हिशेब लाखात जातो. प्रेसिहोलसारखे देशी पर्याय त्यापेक्षा बरेच स्वस्त आहेत आणि जिल्हा-राज्य पातळीच्या सुरुवातीला पुरेसे आहेत. स्पर्धेत एनआर आणि आयएसएसएफ असे वेगळे गट असतात. आपली बंदूक कोणत्या गटात बसते, हे घेण्याआधी प्रशिक्षकांना विचारा, घेतल्यावर नाही.

जुनी चांगल्या ब्रँडची मिळत असेल तर ती उत्तम बचत आहे. पण या गोष्टी तपासा:

1. सिलिंडरवर कोरलेली तारीख. सिलिंडरला मुदत असते, अनेक कंपन्या ती 10 वर्षं धरतात. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडकू शकतं, आणि ते वापरणं धोक्याचंही आहे. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यात धरा.
2. हवा टिकते का. संध्याकाळी दाबाचा काटा बघून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. उतरला असेल तर सील गेलेत.
3. मूळ बिल आणि अनुक्रमांक. कागदावरचा आणि बंदुकीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. कागद नसेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.
4. पिस्तुलाची ग्रिप तुमच्या हाताच्या मापाची आहे का, आणि डावरे असाल तर डाव्या हाताची आहे का.
5. साइटचे सगळे भाग आहेत का. एक छोटा भाग वेगळा मागवायला गेलात तर डोळे पांढरे होतात.

हवा क्लबच्या टाकीतूनच भरा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने नाही, आणि ऑक्सिजन तर कधीच नाही, त्याने स्फोट होऊ शकतो. नागपूरकरांसाठी खास सूचना: मे महिन्यात भरलेलं सिलिंडर गाडीत किंवा उन्हात सोडून जाऊ नका. बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना बंद गाडीच्या आत काय होत असेल ते तुम्हाला माहितीये.

छर्रे: एक डबा, एक महिना

आता खरा रोजचा खर्च. चांगले मॅच छर्रे साधारण 500 च्या डब्यात येतात. नवीन पोरगं काय करतं? रेंजवर जातं आणि धाडधाड 150 शॉट मारतं. तीन-चार दिवसांत डबा रिकामा, आणि शिकलं काय, तर चुकीची सवय पक्की करायला.

माझं गणित साधं आहे. आठवड्यात दोन दिवस खरे छर्रे, दर वेळी 60. आठवड्याचे 120, चार आठवड्यांचे 480. उरलेले 20 तपासणीला. एक डबा, एक महिना. बाकीचे दिवस ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न घालता पूर्ण शॉट: उभं राहणं, श्वास, नेम, ट्रिगर, आणि ट्रिगर सुटल्यावरही दोन सेकंद नेम तसाच धरणं. घरात पांढऱ्या भिंतीसमोर रोज अर्धा तास. खर्च शून्य. छर्रा नसल्यामुळे तुम्ही निकालाकडे बघत नाही, हाताकडे बघता. ट्रिगर दाबताना नेम हलला तर तो लगेच दिसतो. मोठे नेमबाजही हे करतात, आणि ते पैसे वाचवायला करत नाहीत.

फक्त लक्षात ठेवा: मॅच बंदुकीला ड्राय फायरची सोय असते, ती लावूनच करा. स्प्रिंगच्या एअरगनने रिकामा शॉट मारू नका, आतला पिस्टन आपटून खराब होतो. आणि सुरू करण्याआधी नळी रिकामी आहे हे दोनदा बघा.

छर्रे निवडताना सपाट तोंडाचे घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. डब्यावर 4.49, 4.50 असं माप असतं. प्रत्येक नळीला वेगळा छर्रा मानवतो, महागडाच मानवेल असं नाही. म्हणून लगेच डबे घेऊ नका. क्लबमधल्या मित्रांकडून दोन-तीन प्रकारचे वीस-वीस छर्रे मागून घ्या, बंदूक टेकवून प्रत्येकाचे दहा शॉट मारा. ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात तो तुमचा. सरावाला त्यातल्या त्यात स्वस्त, स्पर्धेला आणि तिच्या आधीच्या आठवड्यात चांगला.

आणि हो, पडलेले किंवा मारून झालेले छर्रे सरळ करून पुन्हा वापरायचा जुगाड काही पोरं करतात. काडतूस भरण्याचाच हा छोटा भाऊ. छर्‍याची मागची कड पातळ असते, ती जराशी चेपली तरी छर्रा भलतीकडे जातो. वर नळीत अडकला तर दुरुस्तीचा खर्च वेगळा. ते छर्रे भंगारात द्या, शिशाचे पैसे येतात.

शिसं विषारी आहे, म्हणून छर्रे तोंडात धरायचे नाहीत. रेंजवरून निघून तर्री पोहे खायला जायचंच असतं आपल्याला, पण आधी साबणाने हात धुवा.

वापरताना एवढं पाळाच

परवाना लागत नाही म्हणजे ते खेळणं आहे असं नाही. एअरगनच्या छर्‍याने डोळा जातो. नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा, बोट ट्रिगरबाहेर ठेवा, घरी बंदूक कुलपात आणि छर्रे वेगळ्या ठिकाणी ठेवा. गच्चीवरून, गल्लीत, शेतात नेम धरायचा नाही. पक्ष्यांवर किंवा माकडांवर तर मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि तो शहरातही लागू आहे. ने-आण बंद केसमध्ये, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र सोबत ठेवून करा. मेट्रोने जायचं असेल तर सुरक्षा तपासणीत अशी वस्तू अडते, दुसरी सोय बघा. आणि फुटाळ्यावर बंदूक हातात घेऊन रील? अजिबात नको. लांबून बघणाऱ्याला ती एअरगन आहे हे कळत नाही, पोलिसांनाही नाही.

शेवटी हिशेब

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा. आधी क्लब किंवा एनसीसी. मग बूट आणि गरज असेल तर जुनं जॅकेट. मग महिन्याला एक डबा छर्रे. स्वतःची बंदूक सगळ्यात शेवटी, तीही सरांना सोबत नेऊन. घरी वही ठेवा, प्रत्येक सरावाची तारीख, शॉट, गुण लिहा. वर्षाने आईबाबांसमोर "मला बंदूक पाहिजे" म्हणताना ती वही पुढे ठेवता येते. हट्टापेक्षा वही जास्त पटते.

आपल्या देशाची राष्ट्रीय रायफल संघटना 1951 मध्ये सुरू झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. आपलाच मराठी माणूस. त्यांच्या नावाची मावळणकर स्पर्धा ही आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पायरी मानली जाते. तिथपर्यंत पोचलेल्या पोरांना विचारा, किती जणांनी क्लबच्या घासलेल्या बंदुकीवर सुरुवात केली होती. बरेच हात वर होतील.

माझी ती दुर्बीणवाली एअरगन अजून घरी आहे, कपाटात, कुलपात. विकावीशी वाटत नाही. आईच्या भिशीचे पैसे कुठे गेले, हे ती आठवण करून देते. तुमच्या आईची भिशी तुम्ही नीट वापरा, बस्स.

प्रश्न असतील तर नेहमीसारखे व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हात स्थिर, डोकं थंड!